चाकांवरची टाकी

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू दुकानातून तयार आणलेली नाही. माझी थोरली बहीण, अक्का, तेवढी त्यांना आयती मिळाली. ते लातूरला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. घरातला पाळणा त्यांनी केला, देव्हारा केला, माझ्या लग्नात आहेराला लोखंडी कपाट केलं, जे उघडायला नांदेडात आजही मी आणि शेजारी असे दोघं लागतो. टेप लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. सगळं माप वितीनं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटारीमागं ओढायची, आत झोपता येईल अशी पत्र्याची खोली बांधायला घेतली. मी हसलो. पण अक्काही पेटलेली बघून हसू आवरलं. तिला जन्मभर नळानं बांधून ठेवलंय. लातुरात पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, आणि आपण गावाला गेलो की नेमकं येतं, ही तिची खात्री. माझ्या लग्नात अक्षता पडल्या, की तासाभरात बाई परतीच्या एसटीत! "एक रात तरी रानात झोपायचंय रे," ती मला म्हणाली.

दोघं चौकटीच्या वहीवर डोकी लावून बसायची, नुकतंच लग्न ठरल्यासारखी. अक्काची अट एकच: आत पाण्याची टाकी. ती पन्नास लिटरवरून वाढत वाढत दोनशेवर गेली आणि पलंग आखडत गेला. मापासाठी मला झोपवलं; उंचीला मी दाजींएवढाच, रुंदीला दीडपट.

"मेव्हणे, पाय दुमडून बघा. जमून राहिलंय का?"

"न्हाई जमत, दाजी. टाकी कमी करा की!"

"पाय दुमडता येतात," अक्का म्हणाली. "पाणी दुमडता येतं का?"

शेवटी दाजींनी मागच्या पत्र्याला पाय बाहेर काढायची खिडकी कापली.

पहिला मुक्काम लोह्याजवळ, ओळखीच्या शेतात, चिंचेखाली. सकाळी मी नांदेडहून डब्यात सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, घेऊन पोचलो. खिडकीतून दाजींचे पायमोजे बाहेर आले होते. अक्का चहा टाकत होती, तेवढ्यात लातूरहून शेजारच्या चाचींचा फोन.

"अगे भाभी, नळ आला ना! दोन-तीन तास चालंल म्हनतेत. निघा आत्ताच!"

अक्काचा चेहरा उतरला. मोजे आत गेले. "निघायचं का गं?" दाजींनी आतूनच हळू विचारलं. मीही सवयीनं डब्याला झाकण लावलं.

अक्कानं स्टोव्ह बारीक केला. चिंचेकडे बघितलं.

"येऊ द्या की, चाची. तुम्हीच घ्या भरून."

मग टाकीची तोटी सोडून तिनं तांब्या भरला, सावकाश तोंड धुतलं. लगेच दुसरा भरला आणि काहीच कारण नसताना स्वतःच्या पायांवर ओतला.

खिडकीतून मोजे पुन्हा बाहेर आले.