राजाच्या बागेतली संत्री

देऊळगाव राजाहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं लोणारला मला हाक मारली. "मास्तर, बाबाराव गेले. काल सकाळी." मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याला आता महिना होईल...

बाबाराव माझा देऊळगावचा शाळासोबती, संत्र्याच्या बागेतला जाणकार. महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतर दोनेक वर्षांनी सरकारनं त्याला फळबागांच्या शिक्षणासाठी सहा महिने व्हिएन्नाला पाठवलं. मूलबाळ नव्हतं. यमुनावहिनी घरी एकटी राहिली. तिला लिहिता येत नसे, म्हणून तिची पत्रं मी लिही; तेव्हा मी गावातच होतो. चौथ्या महिन्यात तिनं अंथरूण धरलं. "त्यायले कळवू नका, भाऊजी," ती म्हणाली, "शिकणं अर्धं टाकून येतीन." मी लिहिलं, घरी सारं ठीक आहे. लागोपाठ तीन पत्रांत तेच लिहिलं. मग तार केली, ती वहिनी गेल्याचीच.

तो परतल्यावर लोक बर्फाचं विचारत, आगगाड्यांचं विचारत. तो सांगे. व्हिएन्नातल्या जुन्या राजाच्या बागेचं मात्र फक्त मला सांगितलं, तेही एकदाच, झाडांना पाणी सोडताना. एका रविवारी सुट्टीला तो तिथं गेला होता. महालामागं कातरलेल्या झाडांच्या भिंती, दूरवर सरळ गेलेल्या वाटा, आणि एका बाजूला लाकडी पेट्यांत लावलेली संत्र्याची झाडं. थंडी आली की ती उचलून काचेच्या घरात नेतात. "मले हसू आलं बे. संत्र्याले पेटी! म्हाताऱ्या माळ्यानं एक पान देल्लं. चुरगळून वास घेतला, तं आपलंच वावर! मी हासून राह्यलो, तोही हासून राह्यला." पाटाकडं बघत तो म्हणाला, "तारेवरची तारीख मंग पाह्यली. तोच दिवस होता."

तेव्हा मी पत्रांचं सांगून टाकलं. तो माझ्याकडं वळला.

"तिनंच सांगतलं असन?"

"हो."

"मंग तू काय करशीन..." त्यानं पाटाचं तोंड बुजवलं, हात धुतले आणि मला घरी नेऊन चहा केला. पुढं दहा वर्षं मी त्या घरी जात राहिलो. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि चहा केल्याशिवाय कधी सोडलंही नाही.

परवा गेलो तर खोलीत खुंटीवर त्याचा तिकडून आणलेला जाड कोट होता. पौषात पहाटे बागेत जाताना तो घाली. कोपरं झिजलेली, उजवा खांदा जरा उतरलेला... जसाच्या तसा. शेजारीण म्हणाली, "घेऊन जा न मास्तर, तुमच्याशिवाय कोन हाय त्यायचं?" मी कोटाला हात लावला, पण काढला नाही. त्या तीन पत्रांत मी काय लिहिलं होतं, हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय.