मोठ्या अक्षरातली शंका

माझी ताई डॉक्टर आणि मी तिच्या दवाखान्याखालचा औषधवाला. वर ती चिठ्ठी लिहिते, खाली मी ती वाचतो. तिचं अक्षर लागणारा माणूस अख्ख्या गावात मी एकटाच, म्हणून तर दुकान चालतं, असं लोक तोंडावर म्हणतात. तिचं अक्षर भयंकर आहे हे मलाही मान्य आहे, पण दुसऱ्या कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर बाकं आणि सिस्टरांचं टेबल. आत ताईचं टेबल, तपासायची कॉट, एक वजनकाटा आणि भिंतभर लाकडी खण. खणांत पेशंटची कार्डं, जाड, पिवळट, कडा मऊ पडलेली. खिडकी मागच्या अंगाला उघडते, तिकडे हल्ली उंच इमारतीचं काम चाललंय.

पेशंट आत आला की ताई आधी काही लिहीत नाही. त्याचं सांगणं संपेपर्यंत दोन्ही हात मांडीवर. मग नाडी, छाती, पोट, आणि सगळं झालं की कार्ड. लिहायला लागलं की कान बंद होतात, असं तिचं म्हणणं. मी तिला किती वेळा सांगितलं, अगं, बाहेर रांग लागलीये, जरा हात चालव. ती म्हणते, "तू गोळ्या मोज." मोठ्या बहिणीपुढे काय बोलणार!

मग तिच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा मधलाच भाग झिजत गेला. म्हणजे ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसट, आणि कडेचं मात्र सगळं दिसतंय. घरी आम्ही हबकलो. ती मात्र महिनाभरात तिरकं बघायला शिकली. तुमचा चेहरा बघायचा तर ती तुमच्या कानाकडे बघते. सुरुवातीला पेशंट तपासून घेता घेता कानाला हात लावून बघायचे, काही चिकटलंय की काय म्हणून.

माणसं अशी दिसू लागली, पण कार्डं काही दिसेनात. भिंग झालं, मोठा दिवा झाला. शेवटी एक दिवस ती खाली दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बंद करते रे दवाखाना. मागचं वाचल्याशिवाय पुढचं औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. ते माझ्याच्यानं नाही व्हायचं." तिच्या आवाजात रडू नव्हतं, म्हणून मलाच आलं.

वाट काढली तिच्या सूनबाईनं. सूनबाई कॉम्प्युटरवाली, बोलायला चटपटीत आणि हट्टाला सासूच्या तोडीस तोड.

"आई, सगळी कार्डं मशीनमध्ये घालू. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, मुठीएवढंसुद्धा."

"आणि पेशंट बोलत असताना मी मशीनकडे बघत बसू? मग त्यानं कुणाकडे बघायचं, पंख्याकडे?"

"कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

ताईनं विचार केला आणि स्क्रीन कुठे लावला असेल? टेबलावर नाही. पेशंटच्या खुर्चीच्या शेजारी, भिंतीला, बरोबर त्याच्या कानाच्या रेषेत. ती अक्षरांकडे वळली की कडेनं पेशंटचा चेहरा दिसायचा, चेहऱ्यासाठी कानाकडे वळली की कडेनं अक्षरं. स्क्रीनमागे पाठमोरे बसणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत. आपल्या अधू डोळ्यांच्या हिशेबानं खोली मांडणारी ही एकच. मी त्या दिवशी दारात उभा राहून तिच्याकडे नुसता बघत राहिलो.

सूनबाईनं रजा काढली, सुट्ट्या घालवल्या, आणि खणामागून खण रिकामे करत सगळी कार्डं टाइप केली. अडलेला शब्द वाचायला मी होतोच. माझ्या विद्येचा तो शेवटचा उपयोग. कारण नंतर चिठ्ठ्या छापून यायला लागल्या, स्वच्छ, टपोऱ्या, शेंबड्या पोरालाही वाचता येतील अशा. मी दोन दिवस फुगून बसलो.

पण मशीनचे गुण नाकारून कसं चालेल? एकदा ताई एका बाईंना गोळी लिहायला गेली तर सबंध स्क्रीन लाल झाला: या गोळीनं पूर्वी यांच्या अंगावर फोड आले होते. ती नोंद कुठल्या तरी जुन्या कार्डाच्या मागच्या बाजूला होती. त्या बाई स्वतःसुद्धा विसरल्या होत्या. कुणाची साखर वर्षानुवर्षं कशी चढत गेली याची एक रेघ मशीन क्षणात काढून दाखवायचं, आणि ताई तोंडात बोट घालून ती रेघ पुन्हा पुन्हा बघायची. "इतकी वर्षं मी याचा एकेक ठिपका बघत होते रे," असं म्हणायची. वीज गेली की मात्र सगळे ठार आंधळे, मीही आणि तीही. त्यावर सूनबाईनं बॅटरी आणून बसवली.

अशात एक दिवस क्रेनवाला आला.

हा मागच्या इमारतीवरची क्रेन चालवतो. चांगला आडदांड माणूस, मिसरूड फुटल्यापासून ताईचा पेशंट. रोज शिडीनं चढून त्या काचेच्या पिंजऱ्यात बसतो, आणि खालचे लोक मुंगीएवढे दिसतात म्हणून सांगतो. त्या दिवशी तो रांगेत न बसता दारातच उभा राहिला. हातात घडी घातलेला कागद होता. मी औषधाचं खोकं द्यायला वर आलो होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं.

"बाई," तो म्हणाला, "मला फिट येते, हे तुम्ही मला कधी का नाही सांगितलं?"

ताईला काही कळेना. त्यानं कागद पुढे केला, मी वाचून दाखवला. कंपनीनं दर वेळेसारखं त्याला मोठ्या हॉस्पिटलात तपासायला पाठवलं होतं. तिथे एका कागदावर त्याची सही घेतली आणि ताईच्या मशीनमधली त्याची फाइल नेटवरून परस्पर तिकडच्या मशीनमध्ये मागवली. सही कशासाठी, हे त्याला कुणी समजावलं नव्हतं. फाइलमध्ये लिहिलं होतं: फिट. फिट येणाऱ्या माणसाला क्रेनवर कोण बसवणार? त्याला खाली उतरवून गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं होतं.

"घरी अजून बोललो नाही," तो म्हणाला. "बायको विचारते, शर्टाला ग्रीस कसं नाही."

"याचं कार्ड काढ," ती मला म्हणाली. "मूळ कार्ड."

खणात शोधून मी कार्ड काढलं. तिनं ते नाकाला लावलं, तिरकं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं. "शाईचं थोडं दिसतंय," ती म्हणाली. "इथे पेन्सिलीनं काही आहे का?"

होतं. "फिट" हा एवढाच शब्द, शिसपेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं लिहिलेला.

ताईनं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. ज्या निदानाची खात्री, ते ती शाईनं लिही. ज्याची नुसती शंका, ते शिसपेन्सिलीनं, म्हणजे खात्री झाली की वरून शाई फिरवायची, नाही तर खोडून टाकायचं. तिला वेगळं प्रश्नचिन्ह लागतच नव्हतं, पेन्सिल हेच तिचं प्रश्नचिन्ह. खाली माझ्याकडे येणारी चिठ्ठी कायम शाईची, आणि टाइप करताना मी अडलेल्या शब्दापुरताच बघायचो, त्यामुळे मला कधी पत्ताच लागला नाही. आणि सूनबाईला वाटलं होतं, मधूनमधून आईंचं पेन संपत असेल. तिनं इमानानं शब्द न् शब्द टाइप केला. शाई आणि पेन्सिल दोन्ही मशीनमध्ये सारखीच काळी झाली.

सूनबाई धावत आली. सगळं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता सासूच्या तोंडाचा पट्टा सुटणार. ताई तिला एवढंच म्हणाली, "तुझी चूक नाही ग. माझी शंका माझ्याजवळ होती तोवर गरीब होती. मशीननं तिला गावभर हिंडवली." मग क्रेनवाल्याच्या कानाकडे बघत ती म्हणाली, "तुला फिट येते असं मी कधीच ठरवलं नव्हतं रे. एकदा इथे माझ्यासमोर पडलास, हातपाय झटकलेस, म्हणून मनात आलं. परत कधी तसं झालं नाही, म्हणून ते तसंच पडून राहिलं."

मी म्हटलं, तो शब्द आत्ता मशीनमधून पुसून टाक, विषय संपला. ताईनं माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, रोखून बघितलं. "आणि खरंच येत असेल तर?" ती म्हणाली. "वर पिंजऱ्यात आली तर? खाली माणसं असतात. त्याच्या रोजीसाठी पुसायचं नाही आणि माझ्या लाजेसाठी ठेवायचं नाही. खरं काय ते शोधायचं."

आता गंमत बघा. ज्या मशीननं त्याला खाली उतरवलं, त्याच मशीनपुढे ती बसली. या वेळी क्रेनवाल्याला नीट समजावून, विचारून, सूनबाईनं बाकीच्या ठिकाणचे त्याचे जुने कागद मागवले. दाताच्या दवाखान्यातून एक नोंद आली: हिरडीत इंजेक्शन देताना चक्कर. हॉस्पिटलातून एक आली: कंपनीच्या रक्तदानात खुर्चीवरून घसरला, हातपाय थोडे हलले, दोन मिनिटांत ठीक. सूनबाईनं त्या ताईच्या नोंदीखाली एकाखाली एक लावल्या आणि अक्षर मुठीएवढं केलं.

ताई स्क्रीनच्या कडेला बघत बराच वेळ बसली. मग सिस्टरांना हाक मारली. "तो माझ्यासमोर पडला, त्या दिवशी आपण त्याला काही टोचलं होतं का हो?"

कार्डावरच होतं, शाईनं: धनुर्वाताचं इंजेक्शन.

"अरे देवा," ताई म्हणाली. "हा सुईला भितो!"

क्रेनवाला लालबुंद झाला. एवढा धिप्पाड गडी खाली मान घालून जमिनीकडे बघत होता. "बाई, सुई दिसली की डोळ्यांपुढे अंधार येतो," तो पुटपुटला. "सिस्टर हसतील म्हणून कधी बोललो नाही." त्यावर सिस्टर हसल्याच. इतक्या उंचावर काचेच्या पिंजऱ्यात बसणारा माणूस दोन बोटांच्या सुईपुढे आडवा होतो, यावर मीही हसलो, आणि मग एकदम अंगावर काटा आला. तीन ठिकाणी तीन डॉक्टरांनी त्याला पडताना पाहिलं होतं, आणि प्रत्येकाजवळ एकेकच तुकडा होता. ते तुकडे एका भिंतीवर एकाखाली एक यायला एवढी वर्षं जावी लागली.

तरी ताईनं लगेच निकाल लावला नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, डोक्याचा आलेख काढला, हृदयाचा काढला. रक्त काढताना आडवं झोपवा आणि तोंड भिंतीकडे करा, असं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात छापलं. सगळं ठीक निघालं. तेव्हा कुठे तिनं मशीनमध्ये लिहिलं: फिट नाही, सुईच्या भीतीनं चक्कर. मग माझ्याकडे खोडरबर मागितला आणि कार्डावरचा शब्द मी बोटानं दाखवला तिथे हलकेच घासत राहिली. कार्ड आता कुणी वाचणार नव्हतं, तरी.

एवढ्यावर ती थांबणार थोडीच! "मशीनला पेन्सिल पाहिजे," असं तिनं सूनबाईला फर्मावलं. सूनबाईनं शंकेची अक्षरं फिकट करून दाखवली. ताईला ती दिसेचनात. मग ठरलं की शंका शाईपेक्षाही मोठ्या अक्षरात, रंग वेगळा, वर "खात्री नाही" असं लिहिलेलं, आणि तपासून निकाल लावल्याशिवाय फाइल बाहेर जाणार नाही. दुपारी दुकान बंद ठेवून मी एकेक कार्ड वाचायला बसलो. पेन्सिलीचा शब्द आला की मी नुसतं पेशंटचं नाव सांगायचो आणि ताई पुढचं बोलायची. कुणाच्या छातीत काय ऐकू आलं होतं, कुणाच्या पोटाला हात लावल्यावर तो कसा दचकला होता. औषधं ती विसरली होती, वर्षं विसरली होती, शंका मात्र एकही विसरली नव्हती. गावभराची काळजी तिनं अशी मनात उघडी ठेवली होती, आणि मी मात्र इतकी वर्षं खाली बसून तिचं अक्षर वाचता येतं म्हणून मिरवत होतो. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो.

परवा सकाळी वर गेलो तर पेशंट नुकते यायला लागले होते आणि ताई खिडकीशी उभी होती.

"आज चढणार होता ना तो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, पिंजऱ्यात कुणीतरी बसलेलं दिसतंय, पण तोच आहे का ते इथून मला काही कळत नाही, आणि माझे डोळे तर धड आहेत.

तिनं क्रेनकडे बघितलंच नाही. मान वळवून बाजूच्या मोकळ्या आभाळाकडे नजर लावली आणि थांबून राहिली. तो लांब दांडा हळूहळू फिरायला लागला.

"हलतंय," ताई म्हणाली, आणि पहिल्या पेशंटला आत बोलवायला सांगितलं.