मनुरेवाचा बेगल आणि आईचा डबा

कुमुद, निघायच्या दिवशी खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि मी तुझ्या दारात बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन उभी होते. घरातलं उरलंसुरलं तूप बेसनात जिरवलं होतं आणि आईच्या जोडीतला मोठा डबा भरून तुला आणला होता. तू म्हणालीस, "थांब गं, लगेच रिकामा करून देते." मी म्हटलं, "राहू दे, आले की घेईन." तू नाक पुसत विचारलंस, "येणार आहेस ना पण?" हा काय प्रश्न झाला, असं म्हणून मी टॅक्सीत बसले. खरं सांगू? उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं.

निखिलचं म्हणणं एकच होतं. "बाबा गेल्यावर तिथे एकटी काय करणार आहेस? इथेच राहा." मी मात्र एप्रिलचं परतीचं तिकीट हातात घेऊनच आले. बघू, म्हणाले. माझ्या 'बघू'चा अर्थ नाही असाच असतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

जोडीतला छोटा डबा लसणाची चटणी भरून बॅगेत घातला होता. ऑकलंडच्या विमानतळावर तो उघडून दाखवावा लागला. त्या अधिकारी बाईनं वास घेतला, दोन पावलं मागे सरकली आणि हसून जा म्हणाली.

मनुरेवा म्हणजे ऑकलंडचं उपनगर, तिथे निखिलचं घर. घर छान आहे, बाग आहे, निखिल-केतकी दोघं जपतात. पण कुमुद, दिवसभर दारावरची बेल वाजत नाही गं! शेजारी लांबून हात हलवतात, "किया ओरा" म्हणतात, आणि आपापल्या गाडीत बसून जातात. आपल्याकडे दार उघडं टाकलं की कोणीतरी विरजण मागायला यायचंच. त्यात इथला सुपरमार्केटचा ब्रेड म्हणजे निव्वळ कापूस. दात शाबूत असून उपयोग काय, अशी चिडचिड व्हायची.

एका सकाळी वैतागून कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. डेअरी म्हणजे इथलं वाण्याचं दुकान. दुधापासून जँडल्सपर्यंत, म्हणजे स्लिपरांपर्यंत, सगळं मिळतं. काउंटरवर एका ताटात गोल, मधे भोक असलेले, वर भाजके तीळ लावलेले पाव होते. दुकान चालवते ती मेरे, माओरी बाई, पन्नाशीची, आवाज खणखणीत. "बेगल्स, आन्टी. मीच करते. आधी पाण्यात उकळते, मग भाजते."

घरी आणून मी तो सरळ चहात बुडवला. पावाचं आपण दुसरं काय करतो? पण तो मेला भिजेचना. मी दाबतेय, चहा बशीत सांडतोय, आणि आमची इरा हसून लोटपोट. "आजी, नो! यू डोन्ट डंक अ बेगल!" नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. शेवटी तिच्या सांगण्यावरून मधून कापला, तव्यावर भाजला, लोणी आणि चटणी लावली. अगं, काय सांगू! वरून खरपूस, आत चिवट, दातांना काम देणारा. हे रविवारी कॅम्पातून कडक पाव आणायचे, त्याच्याही वरताण. एकटीनं दोन खाल्ले.

मग रोजच जायला लागले. मेरेनं एकदा विचारलं, "कशाबरोबर खाता?" दुसऱ्या दिवशी ताजी चटणी कुटली, छोट्या डब्यात भरली आणि नेऊन दिली. दोन दिवसांनी म्हणते, "फिनिश्ड, आन्टी! स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. चटणी संपली म्हणाली, पण डब्याचं नाव नाही.

आठवडा गेला, महिना गेला. डबा काउंटरमागच्या फळीवर, लख्ख घासलेला. आईचं कोरलेलं नाव मला काउंटरच्या अलीकडूनही वाचता यायचं. बेगल घेताना माझी नजर तिथेच. इरा म्हणाली, "जस्ट आस्क हर!" असा डबा मागतात का? निखिल म्हणाला, "आई, मी तुला नवा आणतो." म्हटलं, "आण, आणि त्यावर तुझ्या आजीचं नावही घालून आण." आई म्हणायची, शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घाल. इथे तर डबाच परत येईना. जाऊ दे, म्हटलं, परकी माणसं, त्यांना काय कळणार? उलट एप्रिल जवळ आला याचं बरंच वाटलं. मनातल्या मनात मी बॅग भरायला घेतली होती.

तिकिटाच्या आधीच्या आठवड्यात बेल वाजली. दारात मेरे, हातात आईचा डबा. आत गच्च फीजोआ, पेरूसारखी हिरवी फळं, वास घरभर. "सॉरी आन्टी, उशीर झाला. झाडावर पिकायची वाट बघत होते."

मी म्हटलं, "अगं, दोन बेगल घालून दिले असतेस तरी चाललं असतं."

"ते दुकानातले! विकायचे. ते कसे घालू? आणि रिकामा दिला असता तर माझ्या आईनं मला सोडलं नसतं."

कुमुद, मी दारातच रडले. ती बिचारी घाबरली. हात धरून तिला आत आणलं, चहा केला, आणि दोघींनी चहाबरोबर बेगल खाल्ले, न बुडवता.

तू म्हणशील, डबा आला, विषय संपला. पण मी त्या फीजोआचा वेलची घालून मुरांबा केला, त्याच डब्यात भरला आणि मेरेला देऊन आले. तिच्या परसातल्या लिंबाला हिरवी लिंबं लागलीत, इथल्या थंडीत, म्हणजे जुलैत, पिवळी होतील म्हणाली. मी म्हटलं, सावकाश दे, घाई नाही. घरी येऊन निखिलला तिकीट पुढे ढकलायला सांगितलं. त्यानं कारण विचारलं. म्हटलं, माझा डबा अडकलाय.

दिवाळीला येते, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर हे. मोठ्या डब्यात काय घालून देणार ते ठरवून ठेव. तू भरून दिलेलं खाईन, आपल्या घरी चकल्या करीन, डबा भरीन, आणि निघताना पुन्हा तुझ्याकडेच ठेवून येईन.