एकशे चाळीसचं माप

इतवारीच्या धान्यबाजारात नत्थूजी बावणे मापारी होते, आणि आपण मापारी आहोत हे त्यांनी कधी कोणाला विसरू दिलं नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी भाताच्या ढिगाकडे पाहून सांगायचे, "अडीच पायली शिजवला वाटते." तीस वर्षांत त्यांनी एकही पोतं दुसऱ्यांदा तोललं नव्हतं. काटा सरळ उभा राहिला की म्हणायचे, "झालं, शिवा!" आणि हमाल पोत्याचं तोंड शिवून टाकायचा. अडत्याला शंका आलीच तर ती त्यानं पोटात ठेवायची. नत्थूजींपुढे बोलून दाखवायची कोणाची टाप नव्हती.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे. बाजारात सगळे हात मारतात म्हणतात, पण नत्थूजींनी शेतकऱ्याच्या मापात कधी चिमूटभर खोट केली नाही. खोट होती ती वेगळ्याच जागी, आणि ती कोणत्या काट्यावर दिसणारी नव्हती.

लालगंजात दोन खोल्यांचं घर होतं. घरात ते आणि बायको बायजाबाई. एकुलती लेक गोपिका भंडाऱ्याला दिलेली. बायजाबाई म्हणजे बोलण्याची खाण. ती नळावर उभी राहिली की नळ जाऊन अर्धा तास झाला तरी बायका रिकाम्या घागरी घेऊन तिथंच हसत उभ्या. नवऱ्याची नक्कलही ती झकास करायची. काटा धरल्यासारखा हात वर, एक डोळा बारीक, आणि "झालं, शिवा!" नत्थूजी वरून चिडायचे आणि आतून खुश व्हायचे.

सन पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात तिची मान मागून ठणकायला लागली. दोनदा चक्कर आली. नत्थूजी तिला देवपुजारी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, आणि काचेच्या नळीत पारा चढू लागला. नत्थूजी खुर्ची ओढून जवळच सरकले. मापाचं यंत्र दिसल्यावर माणूस कसा गप्प बसणार!

"दोनशे दहा, एकशे वीस," डॉक्टर म्हणाले. "बीपी फार वाढलं आहे. या दोन गोळ्या देतो. एकीनं दाब उतरेल, दुसरीनं लघवी जास्त होईल. मीठ कमी करा. आणि बरं वाटलं तरी गोळी मला विचारल्याशिवाय सोडायची नाही."

"हो जी," नत्थूजी म्हणाले. त्यांच्या ध्यानात दोनशे दहा राहिलं, एकशे वीस राहिलं. शेवटचं वाक्य एका कानातून आत आलं आणि दुसऱ्यानं बाहेर गेलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि मानेचा ठणका गेला. पण त्यासोबत बायजाबाईही कुठेतरी गेली. नाक सदानकदा चोंदलेलं, हातपाय गळालेले. नळावर जायची, घागर भरायची, मुकाट परत यायची. खिडकीपाशी बसून राहायची. एकदा नत्थूजी बाजारातून आले तर भाजी चिरता चिरता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि भाजी तर भेंडीची होती.

"काय झालं वं? कोणी बोललं का तुले?"

"कोणी नाही जी. उगाच रडू येऊन राहिलं."

नत्थूजींना घर खायला उठायचं. बायकोचं हसू गेलं याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, पण असं बोलून दाखवायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. मग ते वाईट वाटणं रागासारखं बाहेर पडायचं, आणि तो राग गोळ्यांच्या शिशीवर निघायचा.

श्रावणात डॉक्टरांनी पुन्हा बीपी पाहिलं. एकशे चाळीस, नव्वद. डॉक्टर खुश झाले, "छान उतरलं, असंच चालू ठेवा," म्हणाले. घरी येऊन नत्थूजींनी टोपी खुंटीला अडकवली आणि निकाल दिला.

"माप आलं बरोबर. आता गोळी कायले पायजे?"

"डॉक्टरले इचारा ना एकडाव," बायजाबाई म्हणाली.

"त्याले काय इचारायचं? पारा काय त्यानं एकट्यानंच पाह्यला? माह्या डोयानं पाह्यला म्या. एकशे चाळीस."

"तरी पण इचारलेलं बरं."

"तीस वर्सं झाले माप करून राहिलो मी. मले शिकवतं का तू?"

बायजाबाई खिडकीपाशी जाऊन बसली. आधीची बायजाबाई असती तर काटा धरायची नक्कल करून त्यांना हसवलं असतं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन डॉक्टरांना विचारून आली असती. पण आता तिच्यात भांडायचंही बळ नव्हतं.

पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा, रोगराई सोबत नेणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीचा. गल्लीतली माणसं घरातली अडगळ काढून रस्त्यावर आणत होती, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडत होती. नत्थूजींनी टोपल्यात झिजलेला झाडू टाकला, फाटकी चटई टाकली, आणि चटईच्या घडीत गोळ्यांची शिशी सरकवली. मग चौकात जाऊन टोपलं उपडं केलं आणि पोरासारखे ओरडले, "बिमारी घेऊन जा गे मारबत!" लोक हसले. या वयात नत्थूजींना मारबतीचा एवढा जोर कुठून आला, ते कोणाला कळलं नाही. दारात उभ्या बायजाबाईला तेवढं ठाऊक होतं. तीही हसली, पण पदर तोंडाला लावून आणि जरा भीतभीत.

आणि मग जे झालं त्यानं नत्थूजींची मान आणखीच ताठ झाली. दोन-तीन आठवड्यांत बायजाबाईचं नाक मोकळं झालं. डोळे कोरडे झाले. नळावर पुन्हा बायका खोळंबू लागल्या. दसऱ्याच्या दिवशी तिनं नवऱ्याची नक्कल केली, सोनं वाटायला आलेल्या चार माणसांसमोर. "पाह्य," नत्थूजी तिला म्हणाले, "गोळीनंच बिमार पाडलं होतं तुले." मान ठणकत नव्हती, चक्कर नव्हती. पारा पुन्हा पाहून घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. एकदा तोललेलं पोतं ते काय पुन्हा काट्यावर चढवणार!

दिवाळीला चार दिवस होते. सकाळी बायजाबाई अंगणात सुपात चण्याची डाळ पाखडत होती. सूप उजवीकडे कललं आणि डाळ जमिनीवर ओघळू लागली. नत्थूजी दाढी करत होते.

"अवं, सांडून राहिली ना डाळ! ध्यान कुठं हाये तुह्यं?"

ती काहीतरी म्हणाली, पण ते शब्द नव्हते. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात सुपावरून घसरला आणि मांडीवर पडून राहिला. नत्थूजींना पुढे जन्मभर आठवत राहिलं ते हे, की तिच्यावर एवढं मोठं संकट कोसळत असताना आपल्या तोंडून पहिलं काय निघालं, तर डाळीची काळजी.

मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं सांगितलं, दाब वाढून मेंदूतली रक्ताची नळी फुटली आहे. जीव वाचेल, पण उजवी बाजू आणि वाचा किती परत येईल ते सांगता येत नाही. तोवर गोपिका भंडाऱ्याहून धावत आली होती.

"बीपीच्या गोळ्या चालू होत्या?" डॉक्टरनं विचारलं.

गोपिका वडिलांकडे पाहू लागली.

"ती घेत नव्हती," ते म्हणाले.

शब्दाला शब्द खरा होता. ती घेत नव्हतीच. आयुष्यभर खरं माप करणाऱ्या माणसानं त्या दिवशी काट्यावर पहिल्यांदा बोट ठेवलं, तेही मुक्या झालेल्या बायकोसमोर.

एवढंसं वाक्य, पण ते दवाखान्यातून लालगंजापर्यंत त्यांच्याआधी पोचलं. लोक म्हणू लागले, बायजाबाईनं गोळ्या सोडल्या. बायकांना औषधाचा कंटाळाच असतो. शेजारची यमुताई पेज घेऊन आली आणि खाटेपाशी बसून म्हणाली, "कायले सोडल्या बापा गोळ्या? नवरा एवढा दवाखान्यात घेऊन जाये!" गोपिका मायच्या सेवेसाठी राहिली. ती मायला न्हाऊ घालायची, उचलायची, भरवायची, आणि भरवता भरवता जीव तुटून बोलायची, "माय, दोन गोया तोंडात टाकाले काय मेहनत लागत होती वं? आता पाह्य, बाबाजीचे काय हाल करून ठेवले तू." बायजाबाईच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. ती मान हलवायची, पण हो म्हणते की नाही म्हणते ते कळायचं नाही. नत्थूजी ओट्यावर बसून सगळं ऐकायचे. रोज ठरवायचे, आज सांगतो. मग गोपिका बाहेर येऊन म्हणायची, "बाबाजी, तुमी जेवून घ्या, तुमी नका झुरू," आणि ते जेवायला बसायचे. अशा मायेनं वाढलेली भाकर त्यांना गिळवत नसे, पण ते गिळत.

संक्रांतीच्या सुमारास तिला एक-दोन शब्द परत आले. आधी "पानी". मग "गोपी". गोपिकेनं आनंदानं गल्लीत गूळ वाटला. नत्थूजी गुळाचा खडा हातातच धरून बसले. आज पाणी म्हणाली, उद्या काय म्हणेल? त्या दिवशी भर बाजारात, तुरीचं पोतं काट्यावर चढत असताना, त्यांच्या मनात आलं की हिची वाचा इथंच थांबली तर बरं होईल. आपण काय मागितलं हे कळल्यावर त्यांनी काट्यावरचा हात काढून घेतला. शालिकराम हमालानं विचारलं, "काय झालं गा, मापारी?" पोतं तसंच सोडून ते बाजूला जाऊन बसले. चाळीस वर्षं जिच्या बोलण्यावर घर उभं होतं, तिनं मुकं राहावं असं त्यांना वाटलं होतं.

फाल्गुनात तिला हाताला धरून, अर्धं उचलून, बाप-लेक दोघांनी देवपुजारी डॉक्टरांकडे नेलं. पारा चढला, उतरला. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि बायजाबाईच्या समोर स्टूल ओढून बसले.

"बाई, मी रागावत नाही. मला फक्त कळलं पाहिजे. गोळ्या का सोडल्या? त्यांनी काही त्रास होत होता का?"

बायजाबाईनं नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला. डॉक्टर थांबले, गोपिका थांबली.

"मी," ती म्हणाली. मग खूप वेळानं, "इसर... ली."

चार महिन्यांतलं तिचं ते पहिलं पुरं वाक्य. एवढ्या कष्टानं जुळवलं, आणि ते खोटं होतं, आणि नवऱ्यासाठी होतं.

"पाह्यलं ना डॉक्टरसाहेब?" गोपिका उसळली. "मी हेच म्हणून राहिली होती. माय, तुले आमची काहीच..."

"चूप राह्य, गोपे," नत्थूजी उठून उभे राहिले. "ती नाही इसरली. म्या बंद केल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या टोपल्यात टाकून देल्ली शिशी. ती इचारा म्हणत होती तुमाले. म्या आयकलं नाही. एकशे चाळीस आलं होतं ना, मले वाटलं झालं."

डॉक्टर ओरडले असते तर नत्थूजींना सोपं गेलं असतं. ते हळूच म्हणाले, "नत्थूजी, एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. काटा उभा राहिला. आता वजन उचलून घेतलं, तर उभा राहील?"

"नाही जी."

"एकशे चाळीस हे तुमच्या बायकोचं माप नव्हतं. ते गोळीसकटचं माप होतं. आणि हा रोग दर वेळी दुखत नाही, म्हणून वजन काढलं तरी कोणाला कळत नाही."

तीस वर्षांत नत्थूजींना त्यांच्याच धंद्यातलं कोणी शिकवलं नव्हतं. "गोळीनं ती रडत राहे, साहेब," ते कसेबसे म्हणाले. "हासणं सोडलं होतं तिनं."

डॉक्टरांचा हात लिहिता लिहिता थांबला. "हे मला का नाही सांगितलं? त्या गोळीनं काही माणसांचं मन खचतं. दुसरी गोळी दिली असती. एवढंच सांगायचं होतं."

नव्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तिघं बाहेर आले. बायजाबाईला पायरीवर बसवून रिक्षाची वाट पाहत उभे राहिले. गोपिका रस्त्याकडे पाहत होती.

"बाबाजी, चार महिने मी मायले बोलून राहिली," ती म्हणाली. "तिच्या तोंडात घास घालता घालता बोलली. तुमी ओट्यावरच राहत होते ना?"

"हो."

"आयकू येत होतं?"

अजूनही नाही म्हणायला वाव होता. "हो," नत्थूजी म्हणाले. "सारं आयकलं."

गोपिका खाली पायरीवर बसली आणि भर रस्त्यात तिनं मायच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, माफ कर मले," ती म्हणाली, "माह्यं चुकलं वं." बायजाबाईचा डावा हात हळूहळू लेकीच्या केसांवर आला. नत्थूजी चप्पल काढून हातात घ्यावी की पायात ठेवावी हेही न कळून तसेच उभे होते. ते शब्द त्यांनी म्हणायचे होते. चार महिन्यांत त्यांना ते जमले नव्हते, आणि आज डॉक्टरांपुढे सगळं कबूल करतानाही ते एकदाही बायजाबाईकडे वळले नव्हते.