घरी पोचल्यावर एक रिंग

टेंभुर्णीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारी एका वकिलाची पाटी आहे. इंग्रजीचे एक रिटायर झालेले सर रोज दुपारी त्या पाटीकडं बोट करून मला तोच धडा देतात.

"लॅटिनमधी व्होकारे म्हंजे बोलावणं. त्याच्यातूनच ॲडव्होकेट आला, मदतीला बोलावलेला माणूस. व्होकेशन म्हंजे आतून आलेलं बोलावणं. रिव्होक म्हंजे माघारी बोलावणं. ध्यानात राह्यलं का?"

मी मान हलवतो. मग ते आपला बटणाचा फोन काउंटरवर ठेवतात. "बघ बरं, रिंग बराबर वाजते का."

फोनला काहीही झालेलं नसतं. हे त्यांना सांगायचं मी कधीच सोडून दिलंय.

निघताना म्हणतात, "घरी पोचलो की एक रिंग दे. घरात रेंज येते का पाहायचंय."

मी फोन लावतो. ते लगेच उचलतात, "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणून विचारतात आणि मला माझं नाव सांगायला लावतात.

काल गिऱ्हाइकांच्या गर्दीत मी विसरलो.

आज सर आले. धडा दिला न्हाई. फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, "तू लावला असशील रे. काल घरात बिलकुल रेंजच न्हवती."