समुद्रावरून दिसणारं घर

वादिराजरावांनी चेन्नई बंदरात एकतीस वर्षं कारकुनी केली. त्यांच्या तंजावरी मराठी गोतावळ्यात शिडाच्या होडीचा नाद असलेले ते एकटेच. एक साहेब बदलून जाताना आपली जुनी अठरा फुटी होडी त्यांच्या गळ्यात घालून गेला. तेव्हापासून दर रविवारी ते किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेला एन्नूरपर्यंत जाऊन येत.

त्यांच्या पत्नीचं, सकवारबाईंचं, माहेर एन्नूरचंच. वडील मिठागरावर नोकरीला, घर अगदी वाळूला लागून. ओसरीवर बसून शिडं न्याहाळताना लहानग्या सकवारला वाटायचं, तिकडून आपलं घर कसं दिसत असेल?

लग्नाआधीच वडील गेले, घर विकलं गेलं, जाणं-येणं संपलं. पण हा प्रश्न काही सुटला नाही.

"एकदा मलाही न्या की हो," त्या म्हणत.

"पुढच्या वर्षी बघू. पाणी फार घाण आहे, जहाजांची वर्दळ असते," वादिराजराव सांगत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण रविवार त्यांना एकट्यालाच हवा असायचा, हेही खरं होतं. अशी अकरा वर्षं गेली.

२००६च्या मार्चमध्ये अण्णा नगरच्या डॉक्टरांनी सकवारबाईंचे रिपोर्ट पाहून वादिराजरावांना एकट्याला आत बोलावलं. घरी परतताना बसमध्ये ते म्हणाले, "या रविवारी एन्नूरला जाऊ. होडीतून."

सकवारबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सरि," म्हणजे 'बरं', एवढंच तमिळमध्ये म्हणाल्या.

रविवारी दक्षिणेचा वारा मिळाला. नांगरलेल्या मोठाल्या जहाजांच्या मधून वाट काढत होडी निघाली. कोळशाच्या धुळीने शीड कधीच राखाडी झालेलं होतं. पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात पिशव्या, चपला, फुलांचे कुजके हार. सकवारबाई नाकाला पदर लावून, पण डोळे किनाऱ्यावर ठेवून बसल्या होत्या.

एन्नूरच्या वीजकेंद्राची धुरांडी जवळ आली. समुद्राने त्या बाजूचे रस्तेच्या रस्ते गिळले होते. तिथं आता नुसते काळे दगड टाकलेले होते. त्यांना ते माहीत होतं. सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

"चर्च ते. मग आमचं घर त्याच्या डावीकडे हवं," सकवारबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "डावीकडेच हवं."

"ते पडलं, सकू. दोन वर्षं झाली."

त्या काळ्या दगडांकडे पाहत राहिल्या. मग विचारलं, "पडायच्या आधी तुम्ही पाहिलं असेल ना? दर रविवारी?"

"हो."

"कसं दिसायचं?"

वादिराजराव आठवू लागले. घर पिवळं होतं. ते दिसलं की होडी वळवायची, एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख. ओसरी दिसायची का? खिडक्या किती होत्या? नऊ वर्षं ते घर त्यांच्या समोर होतं आणि त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"पिवळं होतं," ते म्हणाले. "उन्हात लांबूनच ओळखू यायचं."

"पिवळं?" सकवारबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी पांढरं होतं."

परतताना वारा समोरून आला. होडी सारखी आडवी-तिडवी वळवावी लागली, त्यात सुकाणूला प्लास्टिक गुरफटलं. ते शीड सांभाळत असताना सकवारबाईंनीच वाकून, पाण्यात हात घालून ते ओढून काढलं. कोपरापर्यंत डांबरासारखं तेल लागलं. घरी आल्यावर वादिराजरावांनी रॉकेलच्या बोळ्याने त्यांचे हात पुसले. नखांतलं काळं निघेना. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "राहू द्या हो. निघेल हळूहळू."

ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

अस्थी एन्नूरच्या समुद्रात सोडाव्यात असं त्यांच्या भावाचं, व्यंकटचं, म्हणणं पडलं. "अक्काचं बालपण गेलं तिथं," तो म्हणाला.

"त्या पाण्यात नको," वादिराजराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अस्थींचा कलश मांडीवर घेऊन ते तंजावरजवळच्या तिरुवैयारूच्या बसमध्ये बसले. तिथं कावेरीला पाणी बेताचंच होतं, पण तळाची वाळू दिसत होती.