अण्णांचे हिरवे कान

२०१६ साली माझ्या सासऱ्यांना पुन्हा नीट ऐकू यायला लागलं, आणि चांगला जावई म्हणून मी कमावलेलं नाव दोन आठवड्यांत गेलं.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, सांगलीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात एनसीसीच्या मुलांकडून गोळीबाराचा सराव करून घ्यायचे. तीस वर्षं कानाशी रायफली वाजल्या, पण कानात कापूस घालणं हे त्यांच्या मते भित्रेपणाचं लक्षण! परिणामी निवृत्तीच्या सुमारास त्यांना फक्त रायफलच ऐकू येत असे. बाकी जगाला त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे.

"कानाचं मशीन? मी काय म्हातारा झालोय?" ते गरजायचे. (वय वर्षं चौऱ्याहत्तर.)

आधीच्या खेपेला ते आमच्याकडे न्यूझीलंडला, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात आले आणि पंधरा दिवसांत परत गेले. "सगळे बोलतात, हसतात, आणि मी मधे बॅगेसारखा बसून असतो," असं मृदुलाला सांगून गेले. मृदुला, म्हणजे माझी बायको, ऑकलंडच्या विमानतळापासून हॅमिल्टनपर्यंत रडत आली. या खेपेला तीन महिन्यांचं तिकीट काढल्यावर तिने मला बजावलं, "या वेळी अण्णा लवकर गेले ना, तर पुन्हा कधीच येणार नाहीत. आणि त्याला जबाबदार तू!"

म्हणून मी ओरडायला लागलो. पण माणूस दिवसभर ओरडला की त्याला कुठेतरी हळू बोलावंसं वाटतंच. मला एक सवय लागली. "अण्णा, चहा घेणार?" हे गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचं आणि त्याच दमात पुटपुटायचं, "घेणारच. चौथा कप आहे." मी गाडी मागे घेताना अण्णा पाठीमागे उभे राहून हात हलवायचे, "येऊ द्या, येऊ द्या!" मी "थँक यू, अण्णा!" अशी आरोळी ठोकायचो आणि मग तोंडातल्या तोंडात म्हणायचो, "बावीस वर्षं गाडी चालवतोय, तेव्हा कुठे होतात?" काही शेरे तर इतके झकास जमायचे की ऐकायला कुणी नाही याची मला हळहळ वाटायची.

पाचव्या आठवड्यात शेजारचा ग्रॅहॅम कुंपणावरून डोकावला. "ऑल गुड, मेट?" आमच्या घरात रोज सकाळी मारामारी होते अशी त्याची महिनाभर समजूत होती! खरं कारण कळल्यावर तो हसत गॅरेजमध्ये गेला आणि हिरव्या चट्ट्यापट्ट्यांचा, जाडजूड हेडफोनसारखा एक प्रकार घेऊन आला. ग्रॅहॅम बदकांची शिकार करतो. बंदुकीने त्याचेही कान निम्मे गेलेत. हे यंत्र कानांवर चढवून बटण फिरवलं की बारीकसारीक आवाज मोठे होतात, असं त्याने सांगितलं. त्याने नवीन घेतलं होतं, म्हणून जुनं आम्हाला देऊन टाकलं.

अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "कोण वापरतं हे?"

"शिकारी! नेमबाज!" मी ओरडलो.

"मग ठीक आहे. ही गणवेशातली वस्तू आहे," म्हणत अण्णांनी ते चढवलं.

त्या दिवसापासून अण्णा हिरवे कान लावूनच फिरायला लागले. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला हिरवे कान, नदीकाठी फिरायला हिरवे कान. मे महिना, म्हणजे बदकांचा मोसम. वाटेतले गोरे आजोबा त्यांना आपुलकीने विचारत, "गुड सीझन, मेट?" आणि जन्मात अंडंही न खाल्लेले अण्णा सलाम ठोकून म्हणत, "व्हेरी गुड!"

घरात मात्र वेगळाच प्रकार सुरू झाला. "अण्णा, जेवायला या!" असं मी छाती फुटेस्तोवर ओरडलो तरी अण्णा ढिम्म. "अजून जोरात," मृदुला म्हणाली. अजून जोरात ओरडलो. ढिम्म! यंत्र बिघडलंय असं आम्ही ठरवलं, पण अण्णा ते काढायला तयार नव्हते. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूने ते सुधारत चालले होते! चहाचा चौथा कप त्यांनी आपणहून नाकारला. मी गाडी मागे घेताना ते पायरीवरच बसून राहिले आणि म्हणाले, "घ्या तुम्ही, मिलिंदराव. बावीस वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला." मला वाटलं, इथली हवा मानवली.

त्याच आठवड्यात लोअर हट शहरातून माझ्या मित्राचा, सचिनचा फोन आला. अण्णा शेजारच्या खुर्चीत शब्दकोडं सोडवत होते.

"काय म्हणतात सासरे?" सचिनने विचारलं.

"ते काय म्हणणार, मीच बोंबलतोय," मी हळू आवाजात म्हणालो. "घसा बसला यार. अजून बेचाळीस दिवस. कॅलेंडरवर फुल्या मारतोय."

अण्णांनी कोड्यात एक शब्द भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, "मृदुला, त्या तिकीटवाल्याचा नंबर दे गं. तारीख बदलायचीय."

मृदुलाने मला दंडाला धरून कपडे धुण्याच्या खोलीत नेलं. "तू काही बोललास त्यांना?"

"मी? त्यांना माझं काही ऐकू तरी येतं का?"

"मागच्या वेळीही असंच नंबर मागितला होता," ती म्हणाली, आणि वॉशिंग मशीनला टेकून रडायला लागली. मला खरोखर वाईट वाटलं. फुल्या मारणं वेगळं, आणि तिला असं रडताना पाहणं वेगळं.

काहीतरी करायचं म्हणून मी ग्रॅहॅमकडे यंत्राची तक्रार घेऊन गेलो. कितीही ओरडलं तरी अण्णांना ऐकू येत नाही, म्हटलं.

"ऑफ कोर्स नॉट!" ग्रॅहॅम म्हणाला. बंदुकीचा बार झाला की हे यंत्र तो आवाज कापतं, आणि बारीक आवाज वाढवतं. तळ्यापलीकडे बदकाने पंख हलवला तरी कळतं. "शाउटिंग इज नो गुड. यू गॉट्टा व्हिस्पर, मेट!"

माझ्या पायाखालची हिरवळ सरकली. म्हणजे दोन आठवडे माझं गोड बोलणं तेवढं बंदुकीचा बार म्हणून कापलं गेलं होतं, आणि बाकीचं सगळं पोचलं होतं!

अण्णा आमच्या अंगणात झाडाखाली पडलेली फिजोआची फळं वेचत होते. मी धावत गेलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. चहाच्या कपाबद्दल माफी, गाडीबद्दल माफी, बेचाळीस दिवसांबद्दल तर हात जोडून माफी! अण्णांनी शांतपणे एक फळ हुंगून टोपलीत टाकलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सवयीने मी सगळं ओरडूनच बोललोय. समोरच्या घरातल्या जोशीकाकू खिडकी उघडून उभ्या होत्या. (संध्याकाळपर्यंत हॅमिल्टनमधल्या प्रत्येक मराठी घरात माझ्या माफीची चर्चा होती. ती ऐकू आली नाही ती फक्त अण्णांना.)

मग मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि सगळं पुन्हा हळू सांगितलं. ओरडून माफी मागणं सोपं असतं. हळू मागताना प्रत्येक शब्द स्वतःलाही ऐकू येतो.

"अण्णा, जाऊ नका. मृदुलाला सहन होणार नाही," मी शेवटी म्हणालो. "मलाही."

"कोण जातंय?" अण्णा म्हणाले. "तारीख तीन महिने पुढे ढकलायचीय."

मी उगाच एक फळ उचलून टोपलीत टाकलं.

"अहो मिलिंदराव, ऐकू येईनासं झाल्यापासून सगळे माझ्याशी मोठ्याने आणि गोड गोड बोलतात. काय मजा त्यात? वर्गात खरी मजा मागच्या बाकावर. तिथली कुजबुज ऐकू येईना, तेव्हा मला शिकवण्याचाच कंटाळा आला होता. तुम्ही मागच्या बाकावरचे. ते बेचाळीस दिवसांचं तर फारच छान होतं."

त्यानंतर दोन दिवस मी तोंडातून ब्र काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना अण्णांनी हिरव्या कानांवर टिचक्या मारल्या. "बॅटरी गेली वाटतं. मिलिंदरावांचं काही ऐकूच येत नाही."

मृदुलाने टेबलाखालून मला लाथ मारली. "बोल ना काहीतरी वाईट! करमत नाहीये त्यांना!"

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ, बायकोच्या हुकुमावरून, मी सासऱ्यांविषयी हळू आवाजात पुटपुटायला लागलो. एकदा चौथा कप त्यांच्या हातात देताना मी नेमाने म्हणालो, "घेणारच. चौथा कप आहे."

अण्णांनी एक घोट घेतला. "हे जुनं झालं," ते म्हणाले. "उद्या तयारी करून या."